पाठ

कोपरखैरण्यात, रो-हाउसच्या तळमजल्यावर माझं पार्लर.
दोन खुर्च्या, एक पलंग,
आणि एक आरसा, ज्यात येणारी प्रत्येक बाई
आधी स्वतःची चूक शोधते.

आप्पा रबाळ्याला रंगाच्या कारखान्यात होते.
सोमवारी निळे घरी यायचे, गुरुवारी पिवळे.
आई खोबरेल कोमट करून
त्यांच्या पेरापेरांतून रंग काढत बसायची.
शेजारचे सांगायचे, रॉकेल लाव, झटक्यात निघेल.
"कातडं म्हणजे काय टोप आहे घासायला?"
हा माझा पहिला कोर्स.
याचं सर्टिफिकेट भिंतीवर नाही.

सोळा वर्षांची एक येते, पुटकुळ्या फोडून फोडून.
तिला मी क्रीम देत नाही,
उशीचा अभ्रा धुवायला सांगते.
लग्न ठरलेली एक आली, मोबाइलवर कुणाचा तरी फोटो,
"एवढी गोरी कर."
तिच्या पर्समधली बिननावाची ट्यूब मी तिच्यासमोर डब्यात टाकली.
गिऱ्हाईक गेलं. जाऊ दे.
पेंडशांच्या आजी फक्त पाय चोळून घ्यायला येतात,
कातडी कांद्याच्या वरच्या पापुद्र्यासारखी.
त्यांच्यासाठी मी बांगड्या उतरवते,
घड्याळसुद्धा.

आणि यामिनी घरत, वाहतूक शाखा.
महापे नाक्यावर बारा वर्षं उन्हात.
महिन्याअखेरीला यायची, मान-पाठ चोळून घ्यायला.
झोप लागली तरी उजवा हात अर्धवट वर,
कुणाला तरी थांबवत.
उजव्या खांद्याखाली तिला एक तीळ.
मला तिची पाठ पाठ होती.
मार्चमध्ये तो मसुरीएवढा,
जूनमध्ये त्याची कड सुटलेली,
एकीकडे शाई सांडल्यासारखा.

म्हटलं, ताई, डॉक्टरला दाखवा.
"लक्ष्मीचा तीळ आहे तो. जन्मापासूनचा."
म्हटलं, लक्ष्मी अशी वाढत नाही.
असं बोलायला नको होतं मी.
तिने बटणं लावली, पैसे मोजून टेबलावर ठेवले
आणि पाठ फिरवली.

दिवाळी गेली. संक्रांतीला तिळगूळ कुटताना
तीळ हा शब्द तोंडात आला की हात थांबायचा.
दोनदा रिक्षा मुद्दाम महाप्यावरून नेली,
नाक्यावर दुसरीच कुणी शिट्टी फुंकत होती.

फेब्रुवारीत, भर दुपारी, दार लोटून आत आली.
कॉलरच्या आत पांढरं मलम, नीट न पसरलेलं.
काही न बोलता पलंगावर पालथी झाली.
तिळाच्या जागी बोटभर व्रण, अजून गुलाबी,
टाक्यांच्या खुणा सुरवंटाच्या पायांसारख्या.
"वाशीला काढला. सहा महिन्यांनी परत बोलावलंय."
तपासणीत काय निघालं ते तिने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
उशीत तोंड खुपसून एवढंच म्हणाली,
"बाकीचेपण बघून ठेव. मला दिसत नाहीत."

मी दिवा जवळ ओढला.
उधारीच्या वहीत मागच्या पानावर तिची पाठ काढली,
एकेक ठिपका मांडला, तारीख घातली.
एवढी वर्षं मी चेहऱ्यांचे पैसे घेत आले,
आणि इथे हा वीतभर, हातभर मुलूख,
जन्मभर आपल्याबरोबर येतो
आणि आपल्याला एकदाही नीट दिसत नाही.

रात्री शटर ओढलं.
आरशासमोर हातातला छोटा आरसा धरून
मान वळवून वळवून बघितलं.
निम्मा खांदा, ब्राचा पट्टा, ट्यूबलाइट.
बाकी काही नाही.

माझ्या पाठची बहीण ऐरोलीला असते.
आईच्या खोलीवरून दोन वर्षं बोलणं बंद आहे.
लहानपणी एका बादलीत अंघोळ, ती माझी पाठ चोळायची,
नखं लावायची मुद्दाम.
नंबर अजून तोच आहे का, माहीत नव्हतं.

पाचव्या रिंगला उचलला.
"काय?" म्हणाली.

खोलीचं काही नाही, म्हटलं.
रविवारी ये.
जरा माझी पाठ बघायची आहे.